मेजर गिल आणि वॉर्निशचा पिवळा डाग

कॉलेजची सहल अजिंठ्याला गेली असेल तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. पायऱ्या चढून दम लागलेला. चपला बाहेर काढून तुम्ही पहिल्या लेणीत शिरता आणि एकदम अंधार. दोन-चार मिनिटांनी डोळे सरावतात आणि समोरच्या भिंतीवर हातात निळं कमळ घेतलेला पद्मपाणी हळूहळू उमटायला लागतो. सगळे गप्प होतात.

पण पुढच्या वेळी गेलात की आणखी एक गोष्ट बघा. चित्राच्या काही भागांवर एक पिवळट-तपकिरी झाक दिसते. चहाचं पाणी सांडून वाळावं तशी. कुठे ती पातळ, कुठे अगदी गडद. आपल्याला वाटतं, दीड हजार वर्षांचं चित्र आहे, रंग जुना झाला असेल. तसं नाही. मूळ रंग बऱ्याच ठिकाणी अजून शाबूत आहे. जुनी झाली आहे ती त्याच्यावर नंतर चढवलेली झिलई. आणि ती ज्यांनी चढवली, त्यांना ही चित्रं जगात सगळ्यात सुंदर वाटत होती!

त्यातल्या पहिल्या माणसाची ही गोष्ट. मेजर रॉबर्ट गिल. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे आणि 2012 साली त्यावर आलेल्या मराठी सिनेमामुळे गिल आणि पारोची प्रेमकहाणी तुम्हाला माहीत असेलच. आज जरा त्या कहाणीच्या मागची भिंत बघू.

असईपासून सुरुवात

गिलचा जन्म 1804 सालचा, लंडनचा. त्याच्या आदल्याच वर्षी, 23 सप्टेंबर 1803 ला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मोठी लढाई झाली होती. एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. या लढाईनंतर आपल्या भागात इंग्रजी फौजेचे पाय रोवले गेले. मुलूख निजामाचा, पण जालन्यात छावणी मद्रास फौजेची. ही फौज याच भागात शिकारीला, सर्वेक्षणाला भटकायची.

अशाच भटकंतीत, 28 एप्रिल 1819 ला, मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर वाघुर नदीच्या घळीपाशी आला आणि त्याला झाडीत लपलेली कमान दिसली. ती दहावी लेणी. आत जाऊन त्यानं काय केलं माहितीये? एका खांबावरच्या रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावरच आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती आजही आहे आणि आपल्या डोक्याच्या वर आहे. कारण तेव्हा लेणीत ढिगारा साचलेला होता आणि साहेब त्या ढिगाऱ्यावर उभा होता. म्हणजे आधुनिक काळात अजिंठ्याच्या चित्रांवर झालेली पहिली नोंद हीच एक ओरखडा आहे. भिंतींवर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांचा हा मूळपुरुष!

स्मिथनंतर हौशी पाहुणे येत राहिले. काहींनी चित्रांचे तुकडे भिंतीवरून सोलून न्यायचा प्रयत्न केला. गिलाव्याचा भुगा झाला, हाती काही लागलं नाही. जेम्स फर्ग्युसन हा स्थापत्याचा अभ्यासक 1839 मध्ये इथे येऊन गेला आणि हळहळला. चित्रं अशीच गळून जाणार असतील तर निदान त्यांच्या नकला तरी करून घ्या, असा आग्रह त्यानं धरला. ईस्ट इंडिया कंपनीनं तो मान्य केला आणि 1844 साली या कामावर मद्रास फौजेतला चित्रकला येणारा एक कॅप्टन नेमला. तो रॉबर्ट गिल. वय वर्षं 40.

दोन दशकं, एक घळ

आता जरा कल्पना करा. ना लाइट, ना डांबरी रस्ता. घळीत वाघ आणि लेण्यांच्या आत वटवाघळं. पावसाळ्यात वरून धो-धो पाणी, उन्हाळ्यात तापलेला काळा पाषाण. सामान परदेशातून येणार तर महिने जाणार. गिलनं अजिंठा गावात मुक्काम ठोकला आणि तिथून लेण्यांत जा-ये सुरू केली. त्याची इंग्लिश बायको-मुलं पुढे मायदेशी परतली. तो राहिला. इथल्याच पारो नावाच्या स्त्रीशी त्याचं नातं जुळलं. ती कोण होती, कशी भेटली, याच्या लोककथा भरपूर आहेत. पक्की गोष्ट एकच, ती म्हणजे अजिंठा गावातली तिची समाधी. तिच्यावरच्या लेखात 23 मे 1856 ही तिच्या मृत्यूची तारीख आहे आणि ती त्याची किती लाडकी होती हे त्यानं त्यात उघड लिहून ठेवलंय. त्या काळात एका गोऱ्या अधिकाऱ्यानं असं दगडावर कोरून ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्याचं काम होतं चित्रांच्या मोठ्या आकारातल्या नकला तेलरंगात कॅनव्हासवर उतरवायचं. आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे तीच अडचण आली असणार जी तुम्हाला-मला येते. चित्र नीट दिसतच नाही.

का दिसत नाही? एक सोपा प्रयोग करा. कुंडलिकेच्या किंवा दुधनेच्या पात्रातला एक कोरडा गोटा उचला. फिकट, राखाडी, धुरकट दिसेल. तो पाण्यात बुडवा. लगेच काळाभोर, तुकतुकीत होतो, त्याच्यावरच्या शिरासुद्धा दिसायला लागतात. दगड बदलला नाही. कोरड्या, खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्यातून पांढुरकी धूसरता येते. पाण्यानं खड्डे भरले की प्रकाश आतल्या रंगापर्यंत पोचून परत येतो, म्हणून रंग खुलतो. पाणी वाळलं की गोटा पुन्हा फिकट.

चित्रकाराकडे यावर न वाळणारा उपाय होता, वॉर्निश. झाडाच्या डिंकासारख्या राळेचं द्रावण ब्रशनं फिरवलं की धुरकट रंग झटकन जिवंत होतो आणि तसाच राहतो. युरोपात तैलचित्रांवर वॉर्निश मारणं ही तेव्हा रोजचीच बाब. अजिंठ्याच्या जतनावर लिहिणारे अभ्यासक सांगतात, की नकला करताना चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून गिलनं भिंतींवर वॉर्निश वापरलं. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल? शतकांची धूळ बाजूला झाली आणि राजकन्या, दासी, हत्ती, हंस समोर आले. आपण पाप करतोय असं त्याच्या मनातही आलं नसेल.

भिंतीच्या आत काय आहे?

घोटाळा असा, की अजिंठ्याची भिंत म्हणजे कॅनव्हास नाही. तिची रचना समजून घ्या, मग डागाचं गणित सुटेल.

तळाला आपला दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. त्यावर मातीचा गिलावा. त्यात धान्याचा तूस, वनस्पतींचे तंतू, शेण, बारीक वाळू, म्हणजे गावाकडे आजी भिंत लिंपायची त्याचंच सुधारलेलं रूप. त्यावर पांढरा पातळ हात. आणि तो वाळल्यावर रंग: पिवळी आणि लाल गेरू माती, हिरवी माती, दिव्याच्या काजळीचा काळा, चुन्यासारखा पांढरा आणि नंतरच्या चित्रांत दूरवरून आणलेला लाजवर्दी निळा. हे रंग सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले. युरोपातल्या खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यातच रंग मुरतो, तसं इथे नाही. इथे रंगाचा पातळ पापुद्रा कोरड्या भिंतीवर टेकलेला आहे. त्यामुळे तो नाजूक.

शिवाय ही भिंत श्वास घेते. डोंगरात मुरलेलं पाणी खडकाच्या भेगांतून येतं, गिलाव्यातून बाहेर पडतं, हवेत उडून जातं. येताना क्षार आणतं. वाट मोकळी असेल तर ओल निघून जाते. पण समोर वॉर्निशचा थर असेल तर? ओल अडते, क्षार थराच्या मागेच साचून फुगतात आणि रंगाचा पापुद्रा मागून ढकलला जातो.

दुसरी गोष्ट, नैसर्गिक राळ कायम पारदर्शक राहत नाही. हवा आणि उजेड यांच्याशी तिची हळूहळू प्रक्रिया होते. ती पिवळी पडते, मग तपकिरी, आणि कडक होते. मोबाइलचं पारदर्शक कव्हर सहा महिन्यांत पिवळं पडतं ना? पदार्थ वेगळा, पण दिसायला प्रकार तोच. फरक इतकाच, की कव्हर आपण फेकून देतो. भिंतीवरच्या राळेचा थर आकसतो आणि आकसताना खालच्या रंगालाही ओढतो. रंगाच्या खपल्या वर उचलल्या जातात. त्यावर धूळ बसते, दिव्यांचा आणि पूर्वी इथे राहून गेलेल्यांच्या चुलींचा धूर आधीपासून असतोच. सगळं मिळून चित्राच्या डोळ्यांवर मोतीबिंदू येतो.

म्हणजे बघा, चित्र दिसावं म्हणून लावलेली वस्तूच काही दशकांनी चित्र झाकून टाकते.

आग

गिल राबत राहिला. जवळपास दोन दशकं. त्याचे मोठाले कॅनव्हास लंडनला रवाना होत गेले आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला लागले. काच आणि लोखंडाची ती भव्य इमारत तेव्हा जगाचं नवल होतं. अजिंठा न बघितलेल्या युरोपला अजिंठा दिसला तो गिलच्या डोळ्यांतून.

डिसेंबर 1866 च्या शेवटच्या दिवसांत त्या इमारतीच्या एका भागाला आग लागली. तिथे लावलेले गिलचे जवळजवळ सगळे कॅनव्हास जळून गेले. प्रदर्शनात नव्हते म्हणून मोजके काही वाचले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. गिल तेव्हा 62 वर्षांचा होता. आयुष्याची उमेदीची वर्षं एका रात्रीत संपली.

गंमत नाही, पण ही आग तिथेच थांबली नाही. गिलचं काम गेलं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला सुरू केल्या. तुमच्याच वयाची मुलं होती ती. पुढे नामवंत चित्रकार झालेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. काम 1885 पर्यंत चाललं. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि यातल्याही कितीतरी नकला गेल्या. पुढे जपानी चित्रकारांनी मेहनतीनं केलेल्या नकला 1923 च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. लोक याला अजिंठ्याचा शाप म्हणतात. शाप वगैरे काही नाही. कागद, कापड आणि तेल एका जागी ठेवलं की धोका असतोच.

पण ग्रिफिथ्सच्या मंडळींनीही भिंतींवर वॉर्निश मारलं होतं. नकला जळाल्या, वॉर्निश भिंतीवर राहिलं.

चांगुलपणाचा थर

गिलचं 10 एप्रिल 1879 ला निधन झालं. आजारपणात त्याला भुसावळकडे नेत होते. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती स्मशानभूमीत त्याची कबर आहे. म्हणजे पारो अजिंठ्यात आणि तो भुसावळात.

त्याच्यानंतर 1920 ते 1922 च्या दरम्यान निजाम सरकारनं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी या जाणकाराला त्याच्या सहकाऱ्यासह बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा धरून ठेवला. हे उपकारच. ते झालं नसतं तर आज बरंच काही जमिनीवर पडलेलं असतं. पण रंग पक्का करायला त्यांनी शेलॅक वापरलं. शेलॅक म्हणजे आपली लाख, पळस-बोरीसारख्या झाडांवरचे किडे तयार करतात ती, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. तीही कालांतरानं काळवंडली आणि जुनी झाल्यावर सहज विरघळेनाशी झाली.

हा सगळा गुंता सोडवायचं काम स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांकडे आलं. ते काम कसं चालतं? आधी कोपऱ्यातल्या नखाएवढ्या जागेवर चाचणी. कोणतं द्रावण वरचा थर विरघळवतं आणि खालच्या रंगाला हात लावत नाही, ते शोधायचं. मग कापसाच्या बोळ्यानं इंच-इंच. बोळा तपकिरी झाला तर ठीक, लाल किंवा हिरवा झाला तर थांबायचं, कारण आता मूळ रंग सुटतोय. सुटलेल्या खपल्या आधी चिकटवायच्या, मग साफसफाई. एकेका चित्राला महिने जातात. गेल्या काही वर्षांत नवव्या-दहाव्या लेणीतली काजळी आणि लाख अशीच उतरवली, तेव्हा खालून दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रं वर आली.

या शास्त्रातला आजचा मोठा नियम सोपा आहे. जे काही लावाल ते उद्या दुसऱ्याला काढता आलं पाहिजे. गिलच्या काळात हा नियम कुणी केला नव्हता. त्याच्यासारख्यांच्या चुकांतूनच तो जन्मला.

मग आपल्याला काय?

जालन्याहून अजिंठ्याला जाताना भोकरदन तालुका लागतो. त्यात अन्वा नावाचं गाव आहे. तिथलं यादवकाळच्या आसपासचं दगडी मंदिर, त्याचा खांबांचा मंडप बघितला नसेल तर एकदा वाट वाकडी करून बघाच. तोच काळा बेसाल्ट. आणि मग आपल्या आसपासची इतर जुनी देवळं, बारवा, वेशी आठवा. कितीतरी ठिकाणी दगडावर ऑइल पेंट आहे. गुलाबी, निळा, चंदेरी. गावानं वर्गणी काढून, भक्तीनं लावलेला. देवाचं घर उजळ दिसावं म्हणून.

आलं ना लक्षात? हे गिलचंच वॉर्निश. तेलरंगानं दगडाची छिद्रं बुजतात, आत शिरलेली ओल अडकते, पोपडे येतात आणि पोपड्याबरोबर कोरीवकामाचा वरचा थरही निघू शकतो. बुजलेल्या सांध्यात सिमेंट भरलं की त्यातले क्षार दगडात उतरून पांढरे डाग पडतात. मग कुणीतरी उत्साहानं वाळूच्या झोतानं किंवा तारेच्या ब्रशनं साफ करायला घेतं आणि राहिलेलं नाकडोळेही जातात. रंग लावणारा वाईट नव्हता, खरवडणाराही वाईट नसतो. दोघांनाही घाई असते, एवढंच.

तुमच्या गावात उद्या असा विषय निघेल. मंडळाच्या मीटिंगला तुम्हीच बसलेले असाल. तेव्हा तीन गोष्टी सांगा. नवा रंग नको. खरवडणं नको. आधी पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराला दाखवू. लोक म्हणतील, हा कोण शहाणा. म्हणू देत. आणि सहलीत मित्रानं खिशातून किल्ली काढून भिंतीकडे हात नेला तर तो हात धरा. जॉन स्मिथला कुणी धरला नव्हता.

गिलकडे पुन्हा येऊ. पारो गेली त्याच 1856 साली त्याच्या हातात एक नवी वस्तू आली होती, कॅमेरा. पुढची वर्षं त्यानं अजिंठा, वेरूळ, लोणारचे फोटो काढले. 1864 मध्ये त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनला निघाली, मजकूर त्याच फर्ग्युसनचा. कागदावर अंड्याचा पांढरा भाग लावून छापलेले ते जुने फोटो आता पिवळट झालेत. पण ते पिवळेपण कागदावर आहे, भिंतीवर नाही. त्या काळी लेणी कशी होती, काय पडलं, काय उरलं, हे ताडून बघायला अभ्यासक आजही ते फोटो काढून बसतात.

त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा हिशेब मांडला तर कॅनव्हास जळाले, वॉर्निश काळवंडलं आणि टिकले ते फोटो, ज्यांच्यासाठी त्याला भिंतीला हातही लावावा लागला नव्हता. कॅमेरा आज तुमच्या खिशातच आहे. फ्लॅश तेवढा बंद ठेवा.